सरकारी विद्यापीठातून रोबोटिक्स: वाळवा तालुका ते डॉर्टमुंड

फेब्रुवारी 2026 मध्ये थिसिसचं सादरीकरण झालं आणि डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठातलं माझं 'ऑटोमेशन अँड रोबोटिक्स'चं एम.एस्सी. पूर्ण झालं. 2022 च्या दिवाळीत मी याची चौकशी सुरू केली, तेव्हा सगळा प्रवास मराठीत सलग लिहिलेला कुठे सापडला नव्हता. माझ्या गावाकडून, ओळखीपाळखीतून आता फोन येतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून जे ज्या क्रमानं घडलं तसं लिहिते आहे. आकडे माझ्या वेळचे आहेत. नंतर जे बदलले ते त्या त्या जागी सांगेन.

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातली. बी.ई. मेकॅनिकल, सीजीपीए 8.4. कॅम्पसमधून चाकणला नोकरी लागली, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, वेल्डिंगच्या रोबो सेलवर. टीच पेंडंट, म्हणजे रोबो चालवायचा कंट्रोल, हातात घेऊन रोबोला एकेक पॉइंट शिकवायचा, जिग (भाग धरून ठेवणारी चौकट) बदललं की पुन्हा सगळे पॉइंट तपासायचे, सायकल टाइम, म्हणजे एका भागाला लागणारा वेळ, कमी करायचा. काम मनापासून आवडायचं. पण एखाद्या ठरावीक पोझला रोबो अचानक थांबायचा आणि स्क्रीनवर सिंग्युलॅरिटीचा अलार्म यायचा. लाइनवरचे जुने लोक सांगायचे, पॉइंट जरा सरकव, चालेल. सरकवला की चालायचंही. पण का चालतं, हे कुणी सांगू शकत नव्हतं. मला ते समजून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी पुन्हा शिकायला जायचं ठरवलं.

जर्मनीच का, तर पैशांमुळे. डॉर्टमुंड ज्या राज्यात आहे त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, परदेशी विद्यार्थ्यांनाही नाही. सगळ्या जर्मनीत तसं आहे असं समजू नका. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे 4000 ते 6000 युरो लावले. त्यामुळे विद्यापीठाचं नाव बघण्याआधी ते कुठल्या राज्यात आहे ते बघा. पुण्यात एका कन्सल्टन्सीत मी जाऊन आले होते. त्यांनी दाखवलेल्या यादीत एकही सरकारी विद्यापीठ नव्हतं, सगळी खासगी आणि फीवाली. सरकारी विद्यापीठाच्या अर्जाला मध्यस्थ लागत नाही. अर्ज इंग्रजीत असतो आणि काय काय लागतं ते विद्यापीठाच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

पहिला कागद एपीएसचा. आपली पदवी खरी आहे आणि जर्मनीत शिकण्यासाठी पात्र आहे, याचं ते प्रमाणपत्र. भारतीय विद्यार्थ्यांना ते स्टुडंट व्हिसासाठी 1 नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं झालं, म्हणजे मी नेमकी त्याच सुमारास सुरुवात करत होते. फी 18,000 रुपये. दहावी, बारावी, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कलिस्ट, पदवी प्रमाणपत्र, पासपोर्ट असा गठ्ठा दिल्लीला कुरिअरनं जातो. मी डिसेंबरमध्ये पाठवला, साधारण दोन महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. गठ्ठा पाठवण्याआधी दहावीच्या मार्कलिस्टवरचं, पदवीवरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहा. आपल्याकडे आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांचा क्रम दर कागदावर वेगळा असतो. माझ्या पासपोर्टवर क्रम वेगळा होता, म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र सोबत जोडलं.

त्याच काळात आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, सोळा हजारांच्या आसपास फी होती. आणि माझ्या इथल्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्र दाखला, काढून घेतलं. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. जर्मनीत 1.0 हा सर्वांत चांगला ग्रेड आणि 4.0 म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्या मापात बसवायला एक सूत्र वापरतात: सर्वाधिक शक्य गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक वजा पासिंगनं भागायचं, तीननं गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. माझे 8.4, सर्वाधिक 10. पासिंग 4 धरलं तर 1.8 येतो, 5 धरलं तर 1.96. म्हणजे पासिंग ग्रेड किती हे तुमच्या ट्रान्सक्रिप्टच्या मागे छापलेलं असणं किती मोलाचं आहे बघा. छापलेलं नसेल तर परीक्षा विभागाकडून ग्रेडिंग पद्धतीचं सही-शिक्क्याचं पत्र मागून घ्या. अर्ज केला की पत्र मिळतं. फक्त परीक्षांच्या निकालाच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा तिथं उभं राहायलाही जागा नसते.

मार्चमध्ये डॉर्टमुंडचा अर्ज भरला. सोबत बी.ई.चा सिलॅबसही दिला, त्यातली गणिताची, कंट्रोलची आणि प्रोग्रॅमिंगची पानं वेगळी काढून. आपण मागे काय शिकलो आहोत याकडे तिथं बारकाईनं बघतात. मेच्या शेवटी प्रवेशाचं पत्र आलं. मी सेकंड शिफ्टला होते. जेवणाच्या सुट्टीत ईमेल वाचला आणि घरी फोन केला. पप्पा म्हणाले, "बरं झालं. आता बँकेत जाऊया."

कर्जाबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण गावाकडच्या मुलामुलींचं घोडं बहुतेक वेळा इथंच अडतं. फी नसली तरी पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच जर्मनीतल्या खात्यात दाखवावे लागतात. त्याला श्पेअरकोंटो किंवा ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. माझ्या वेळी रक्कम होती 11,208 युरो, म्हणजे महिन्याला 934. युरोच्या तेव्हाच्या भावानं दहा लाखांच्या थोडं वर गेलं. सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम 11,904 युरो झाली आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागतं. आमच्याकडे तारणाला दोनच गोष्टी, पाऊण एकर ऊस आणि गावठाणातलं घर. शेतजमीन बँक तारण घेत नव्हती. राहिलं घर, आणि मिळकत पत्रिकेवर (घराच्या मालकीचा सरकारी उतारा) नाव अजून आजोबांचं.

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण वारस नोंद कुणी केली नव्हती. हे प्रत्येक गावातलं चित्र आहे. पप्पांनी हे काम मी एपीएसचा गठ्ठा पाठवला त्याच महिन्यात हातात घेतलं, म्हणून आम्ही वेळेत पोचलो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज, मग नोटिशीची मुदत, मग नोंद. वारस म्हणून पप्पांबरोबर माझ्या दोन्ही आत्यांची नावं लागली. बँकेला घर एकाच्या नावावर हवं होतं, म्हणून आत्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं. दोघी दुय्यम निबंधक कार्यालयात आल्या, फोटो काढले, अंगठे दिले, सह्या केल्या. धाकटी आत्या सही करताना थांबली आणि मला म्हणाली, "गहाण ठेवायला देतोय, इकायला न्हाई. येवढं ध्यानात ठेव." मी मान हलवली. तोंडातून शब्द निघत नव्हता.

त्यानंतर घराची मालकी तपासणारा बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट. दोघांची मिळून फी बारा हजार. मूळ कागद बँकेत जमा झाले आणि जुलैमध्ये पंधरा लाख मंजूर झाले. आमच्या तालुक्याच्या शाखेतून परदेशी पैसे जात नव्हते, ते काम परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या मोठ्या शाखेतून झालं. पैसे पाठवताना मधल्या बँका आपला आकार कापून घेतात, त्यामुळे बरोबर 11,208 पाठवले तर तिकडे कमी पोचतात. सगळा आकार पाठवणाऱ्याकडे असा पर्याय फॉर्ममध्ये निवडा आणि वर थोडे युरो जास्तच घाला. सात लाखांवरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापून घेते तो कर, लागायचा, कर्जाचे पैसे असल्यानं तो अर्धा टक्काच होता. हे नियम दर अर्थसंकल्पात बदलतात, पैसे पाठवायच्या आठवड्यात बँकेला विचारून घ्या.

व्हिसा तुलनेनं सरळ गेला. ऑगस्टमध्ये मुंबईत अपॉइंटमेंट, फी 75 युरोंइतके रुपये. कागदांचे दोन संच, एपीएस, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला, आरोग्य विमा, आणि हा कोर्स का निवडला याचं पत्र. पत्र मी स्वतः लिहिलं, त्यात चाकणचा तो अलार्मही लिहिला. खिडकीवर मला त्याबद्दलच विचारलं. सप्टेंबरच्या मध्यावर पासपोर्ट आला, महिनाअखेरीस विमानात बसले.

डॉर्टमुंडमध्ये सुरुवातीचे आठवडे कागदांचेच होते, आणि ते एकमेकांत अडकलेले असतात. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो. म्हणून खोली ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. विचारा की पत्ता नोंदवायला सही देणार का. काही लोक तात्पुरती खोली देतात पण सही देत नाहीत, ती खोली आपल्या कामाची नाही. नोंदणी झाली की बँक खातं सुरू होतं, खात्यात ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याचे 934 युरो यायला लागतात, आणि मग राहण्याच्या परवान्याचा अर्ज करता येतो. त्याची फी शंभर युरो. व्हिसाची मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी अर्ज करा आणि अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेवा.

विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत मी प्रवेशपत्र आलं त्याच आठवड्यात नाव घातलं होतं. तोवर एका शेअरिंगच्या घरात खोली मिळाली, वीज-हीटिंग धरून 380 युरो. आरोग्य विमा महिन्याला सव्वाशेच्या आसपास. शिवाय रेडिओ-टीव्हीचं एक शुल्क असतं, घरामागे महिन्याला 18.36 युरो, टीव्ही नसला तरी द्यावंच लागतं. घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं. विद्यापीठाला सेमिस्टरला तीनशे युरोंच्या वर द्यावे लागले. त्यात प्रवासाचा पासही येतो. 2024 च्या उन्हाळी सत्रापासून तो पास सगळ्या जर्मनीतल्या लोकल गाड्या-बसना चालायला लागला.

विद्यापीठाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन कॅम्पस आहेत आणि मधल्या दरीवरून एच-बान जाते. वरच्या रुळाला लटकणारी, चालक नसलेली छोटी गाडी. 1984 पासून चालू आहे. रोबोटिक्स शिकायला आलेल्या मुलीला ऑटोमेशनची पहिली भेट ही अशी झाली. पहिल्या दिवशी मी पुढच्या काचेला नाक लावून उभी होते.

आता अभ्यास. पहिल्या सत्रात कुणी रोबोला हात लावत नाही. पहिलं सत्र म्हणजे गणित. कंट्रोल थिअरी, स्टेट-स्पेस, स्थिरता, रोबोटची गतिकी, प्रोग्रॅमिंग. आपल्याकडे टर्मवर्क, सबमिशन, ओरल असे आधाराचे खांब असतात. तिथं बहुतेक विषयांत सत्राच्या शेवटी एकच लेखी परीक्षा, तिच्यावरच सगळं. हजेरी कुणी घेत नाही. एका परीक्षेला तीन संधी, आणि तिसऱ्यांदा नापास झालं तर तो कोर्सच बंद होतो. हे ऐकून पोटात गोळा येतो, मलाही आला. त्यावर उपाय म्हणजे दर आठवड्याचे सरावाचे प्रश्न त्याच आठवड्यात सोडवणं. लेक्चरला बसून कळल्यासारखं वाटतं, कागदावर सोडवताना खरं काय ते कळतं. आणि परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, ठरावीक तारखेपर्यंत नाव मागेही घेता येतं. ती तारीख कॅलेंडरमध्ये लाल करून ठेवा.

पहिल्याच हिवाळ्यात चाकणच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. रोबोच्या सांध्यांचा वेग आणि टूलच्या टोकाचा वेग यांना जोडणारं एक मॅट्रिक्स असतं, जेकोबियन. काही पोझमध्ये त्याची रँक, म्हणजे त्यातल्या स्वतंत्र दिशांची संख्या, कमी होते. सहा अक्षांच्या, म्हणजे सहा सांध्यांच्या, रोबोत पाचवा अक्ष शून्यावर आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात. दोघं मग एकच काम करतात आणि टोकाला एका दिशेला जाताच येत नाही. त्या दिशेला थोडं जरी जायचं म्हटलं तरी सांध्यांना प्रचंड वेग लागतो, म्हणून कंट्रोलर अलार्म देऊन थांबतो. पॉइंट सरकवला की पाचवा अक्ष शून्यापासून दूर जातो, म्हणून चालतं. मी वहीत ते दोन अक्ष काढले आणि चाकणच्या माझ्या जुन्या लाइन लीडरना फोटो पाठवला. त्यांचा रात्री फोन आला. अर्धा तास आम्ही फक्त पाचव्या अक्षावर बोललो.

प्रोजेक्ट ग्रुप हा या शिक्षणाचा मला सर्वांत आवडलेला भाग. आमच्या गटात एक इराणचा, एक कोलंबियाची, एक पुण्याचा आणि मी. चाकांवरच्या रोबोनं इमारतीच्या मजल्यावर स्वतःचा नकाशा बनवून सामान पोचवायचं, असं काम होतं. कॉम्प्युटरवर उबंटू 22.04 ही ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर रोबो चालवायचं सॉफ्टवेअर रॉस 2 हंबल. सिम्युलेशनमध्ये सगळं महिनाभरात चाललं. खऱ्या मजल्यावर आल्यावर खरं शिक्षण सुरू झालं. कॉरिडॉरला काचेची दारं होती. लायडार, म्हणजे लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर, त्याचा किरण काचेतून आरपार जातो, त्यामुळे नकाशात दाराऐवजी मोकळी जागा दिसायची आणि रोबो बिनधास्त काचेकडे निघायचा. शेवटी नकाशावर त्या पट्ट्यांत जायला मनाई असलेला थर घातला. मग ट्रान्सफॉर्मच्या, म्हणजे रोबो आणि त्याचे भाग कुठे आहेत ते जोडणाऱ्या हिशेबाच्या, चुका यायला लागल्या. प्रोग्रॅम म्हणत होता की रोबोच्या जागेची माहिती भविष्यातल्या वेळेची आहे. अल्गोरिदम तपासण्यात आठवडा गेला आणि कारण निघालं रोबोवरच्या कॉम्प्युटरचं आणि लॅपटॉपचं घड्याळ न जुळणं. क्रोनी हे घड्याळं जुळवणारं सॉफ्टवेअर टाकून वेळ जुळवली, चुका थांबल्या.

एका दुपारी तर आम्ही कुणी आज्ञा दिलेली नसताना रोबो निघाला. कोलंबियाच्या मैत्रिणीनं धावत जाऊन रोबो जागीच थांबवणारं लाल बटण दाबलं. शेजारचा गट त्याच वायफायवर होता. रॉस 2 मध्ये डोमेन आयडी नावाचा एक आकडा असतो, तो बदलला नाही तर सगळ्यांचा शून्यच राहतो, आणि एकाच नेटवर्कवर आकडा सारखा असला की एकाच्या आज्ञा दुसऱ्याला ऐकू येतात. आम्ही दारावर कागद चिकटवला, कुठल्या गटाचा कुठला आकडा. हे वाचणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी तो आकडा बदलावा, आणि रोबो हलत असताना एकाचा हात कायम लाल बटणावर असावा.

पैशाचं सांगते. पहिल्या वर्षी मी ब्लॉक्ड अकाउंटच्या पैशांत भागवलं. दुसऱ्या वर्षापासून विद्यापीठातल्याच एका लॅबमध्ये विद्यार्थी साहाय्यक, तिथल्या भाषेत हिवी, म्हणून काम मिळालं. तासाला तेरा युरोंच्या वर. जागा जाहीर होण्याची वाट पाहत बसले नाही. ज्यांच्या विषयाची परीक्षा चांगली गेली होती त्या विभागाला ईमेल केला, चाकणच्या कामाबद्दल चार ओळी लिहिल्या. मार्च 2024 पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, आणि विद्यापीठातलं हिवीचं काम त्या मर्यादेत मोजत नाहीत. त्या पगारातून मी कर्जाचं सरळव्याज दर महिन्याला भरत आले, म्हणून मुद्दल फुगलं नाही. हे जमेल तेवढं कराच.

कोर्स इंग्रजीत असला तरी गाव जर्मन आहे. विद्यापीठाच्या भाषावर्गांत मी बी1, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत आले. गोदामांच्या ऑटोमेशनवर काम करणारी फ्राउनहोफर या जर्मन संशोधन-संघटनेची आयएमएल ही संस्था डॉर्टमुंडमध्येच, कॅम्पसला लागून आहे. तिथलं संशोधन इंग्रजीत चालतं. बाहेर लहान-मध्यम कंपन्यांत मात्र मुलाखत पहिल्या पाच मिनिटांनंतर जर्मनमध्ये वळते. पुण्यात मॅक्सम्युलर भवनला जर्मनच्या ए1, ए2 या सुरुवातीच्या पातळ्या करून निघता आलं तर उत्तम.

कोर्स चार सत्रांचा आहे. मला पाच लागली, माझ्या वर्गातल्या बहुतेकांना तेवढीच किंवा जास्त. त्याचा परिणाम आधी समजून घ्या. परवाना वाढवताना पुढच्या काळाचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात. माझं हिवीचं कंत्राट आणि खात्यातली शिल्लक यांवर काम झालं. थिसिसला सहा महिने. विषय होता गोदामातल्या पॅलेट रोज हलतात तेव्हा जुन्या नकाशावर रोबोनं स्वतःची जागा कशी ओळखायची. चौथ्या महिन्यापर्यंत निकाल वाईट येत होते आणि मी खूप खचले होते. माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं की वाईट निकाल का आले हे नीट दाखवलंस तर तोही थिसिसच आहे. त्या एका प्रकरणावर सादरीकरणात सर्वांत जास्त प्रश्न आले.

आता पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणाऱ्या अठरा महिन्यांच्या परवान्याचा अर्ज केला आहे. कर्जाचे हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतील.

मेकॅनिकलवाल्यांना जमेल का, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. जमेल. निघण्याआधीच्या महिन्यांत लिनिअर अल्जिब्रा पुन्हा काढा, रँक आणि आयगेनव्हॅल्यू हाताने सोडवता येईपर्यंत. जुन्या लॅपटॉपवर उबंटू टाका, पायथॉनची सवय करा, मग थोडं सी प्लस प्लस. महागडा लॅपटॉप घेऊ नका, लॅबमध्ये मशीन असतात. ऑक्टोबर 2027 चं सत्र गाठायचं असेल तर येत्या दिवाळीपर्यंत एपीएसचा गठ्ठा रवाना झालेला असू द्या. आणि घर तारण द्यायचं असेल तर मिळकत पत्रिकेचा उतारा याच आठवड्यात काढून बघा, नाव कुणाचं आहे ते.